पल्लवीची चिप आणि छत्तीस विहिरी

मेडशीच्या जानरावांची पल्लवी केमिस्ट झाली म्हटल्यावर अर्ध्या गावाला वाटलं, पोरगी आता मालेगावला औषधाचं दुकान टाकते. "आमच्या गुडघ्याची गोळी स्वस्तात देजो वं," म्हणून बाया तिला रस्त्यात अडवायच्या. ती बिचारी काय सांगणार? तिचं सगळं दुकान काडेपेटीएवढ्या एका काचेच्या पट्टीवर होतं.

त्या पट्टीला म्हणायचं चिप. तिच्यात केसाएवढी बारीक नाली कोरलेली. एका टोकाला पाण्याचा थेंब सोडायचा आणि वीज लावायची, की थेंबातले क्षार नालीतून आपापल्या वेगानं धावत सुटतात. फ्लोराइड वेगळं, नायट्रेट वेगळं. जो तो पोचला की संगणकावरच्या आलेखात त्याचं शिखर उमटतं. दोन मिनिटांत कळतं, पाण्यात काय आहे आणि किती. खोलीभर यंत्र नको, काही नको. ही चिप विहिरीच्या काठावर चालली पाहिजे, हा पल्लवीचा हट्ट. तिची पीएच.डी. त्या हट्टावरच उभी होती.

पण चिप खरी उतरते का हे पाहायला खरं पाणी लागतं. तालुक्यातल्या छत्तीस विहिरींचं पाणी आणायचं काम बाबांनी स्वतःहून अंगावर घेतलं. जानराव म्हणजे तीस वर्षं पोस्टमन. उन्हातान्हात सायकल मारत शेतातल्या खोपटापर्यंत पत्र पोचवलेला माणूस. "तू कायले येतं इतक्या दुरून? मले एकूण एक विहीर पाठ हाय." आठ दिवसांत थर्माकोलच्या डब्यात छत्तीस बाटल्या एसटीनं विद्यापीठात हजर. प्रत्येकीवर बाबांचं सुरेख अक्षर: विहीर कोणाची, तारीख, वेळ. पल्लवीनं तो डबा अख्ख्या प्रयोगशाळेला कौतुकानं दाखवला.

आणि तिथून तिचे वाईट दिवस सुरू झाले. पहिल्या बाटलीनं जी शिखरं दाखवली, तीच दुसरीनं, तीच छत्तिसावीनं. असं कुठं असतं का? डोंगरावरची विहीर आणि गावाखालची विहीर, पाणी एकसारखं? प्रयोगशाळेत बनवलेली द्रावणं चिप चोख ओळखायची, अन् गावचं पाणी घातलं की एकच पाढा. पल्लवीला वाटलं, गावच्या पाण्यातलं काहीतरी नालीला चिकटून बसतंय. तिनं नाली धुतली, पुन्हा धुतली. चिप मोडून नवी केली, तीही मोडली. आठ महिने ती पोरगी साप साप म्हणून भुई धोपटत होती!

तिचे सर एकदा म्हणाले, "नमुने पुन्हा मागवून बघ." ती ताडकन बोलली, "सर, चिपवर शंका घ्या. माझ्या बाबांवर नको."

त्या काळात ती फोनवर बाबांजवळ रडायची. "बाबा, माझी चिप खोटी निघाली." बाबा म्हणायचे, "होईल बाई, धीर धर." एवढंच म्हणायचे.

शेवटी समितीपुढं उभं राहून तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की माझी चिप खऱ्या पाण्यात चालत नाही. विषय बंद झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या खोलीभर मोठ्या यंत्रावर तिच्या बाटल्यांचा नंबर लागला. तिनं नाव नोंदवून ठेवलेलं, म्हणून गेली. मोठ्या यंत्रानंही तेच सांगितलं: छत्तीस बाटल्या, पाणी एकच. चिप पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती हो! पल्लवीनं गावची एसटी धरली.

ती मेडशीला उतरली ती घरी गेलीच नाही. थेट प्रयागबाईच्या मळ्यातल्या विहिरीवर गेली. बाटली क्रमांक एकोणीस, सकाळी सव्वाआठ.

"तुहा बाप?" प्रयागबाई म्हणाली. "तो तं इकडं फिरकलाच नाई माय. पान्याले कोन नाई म्हनते? ने ना, घागरभर ने."

आणखी पाच विहिरींवर हेच ऐकून ती घरी आली. आई भागिरथा तूर निवडत होती, बाबा खाटेवर. पल्लवीनं उभ्यानंच विचारलं, "बाबा, ते पाणी कुठलं होतं?"

जानरावांनी भिंतीकडं पाहिलं. तिकडं पाहतच म्हणाले, "आपल्या दारच्या हापशीचं."

"सगळं?"

"पयल्याच दिशी जगदेवच्या विहिरीवर चढलो. चार मानसात म्हने, 'आता तुमच्या जातीच्या पोरीनं आमचं पानी तपासाचं काय? उतर खाली.' मंग कोनाच्या विहिरीवर पाय ठेवाची हिंमतच नाई झाली."

भागिरथाचा हात सुपातच थांबला. तिलाही हे आजच कळत होतं.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" पल्लवीनं विचारलं.

"पोरीले बापाचा अपमान सांगू?"

पल्लवीचा संताप उसळून आला. जगदेवचा राग आलाच, पण त्याच्याकडून तिनं कधी काही मागितलं नव्हतं. "अपमान तुमचा झाला बाबा, अन् खोटी मी ठरली. मी आठ महिने फोनवर रडून राह्यली होती, तवा तुमाले माहीत होतं. सव्वाआठ लिवलं, पावनेनऊ लिवलं. ते लिवताना हात नाई कापला?" कुंपणानंच शेत खाल्लं, तर रडायचं कोणापाशी?

तिनं मोबाइल काढला आणि तिथंच बसून सरांना लिहायला घेतलं. चिप बरोबर होती, नमुने बनावट होते. मी नवे नमुने स्वतः आणते, विषय पुन्हा उघडा. पाच मिनिटांत सरांचं उत्तर आलं: समितीला लेखी द्यावं लागेल, नमुने कोणी आणले होते?

"माहं नाव नको टाकू," जानराव म्हणाले. "तीस वर्सं नोकरी केली. एक कागद इकडचा तिकडं नाई झाला. लिव, डबा बसमधी बदलला."

तिनं वर पाहिलं. आता कुठल्या तरी कंडक्टरवर ढकलायचं होतं त्यांना.

तिनं लिहिलं: जानराव, निवृत्त पोस्टमन. नातं: वडील. आणि पाठवून दिलं.

"टाकलं?"

"टाकलं."

"परक्या मानसासारखं केलं तू," जानराव म्हणाले.

"परक्या मानसानं आनलं असतं," पल्लवी म्हणाली, "तं मी पयल्याच दिशी बाटल्यांवर शंका घेतली असती."