ज्याचं रक्त, त्याचा कागद

त्या वर्षी आमच्या घरात परदेशातल्या एका माणसाचा खटला रोज सकाळी चालायचा. त्याने स्वतःच्या सरकारची गुप्त कागदपत्रं जगासमोर ठेवली होती. ते सरकार त्याला परत मागत होतं आणि तो दुसऱ्या देशात आश्रय मागत अडकून पडला होता. त्याला सोपवायचं की नाही यावर तिकडची न्यायालयं तारखा देत होती, आणि इकडे ठाण्यात, नौपाड्यात माझे बाबा 'सोपवायचं नाही' असा निकाल देऊन मोकळे झाले होते.

कचराळी तलावाला फेऱ्या मारणारे बाबांचे एक मित्र होते, निवृत्त वकील. त्यांचं म्हणणं उलटं. "गुपित फोडलं म्हणजे गुन्हा झाला. पाठवून द्या त्याला. बाजू काय ती कोर्टात मांडू दे." बाबा लालबुंद होऊन घरी यायचे. "असा एक माणूस आपल्याकडे निघाला तर मी त्याला खांद्यावर घेईन," असं त्यांनी आईला एकदा नाही, दहादा सांगितलं असेल. आई म्हणायची, "तुम्ही दोघं इथे भांडताय, त्याला पत्ता तरी आहे का?"

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे बॅटरीचे भाग बनतात आणि त्यात शिसं लागतं. शिशावर काम करणाऱ्या कामगारांचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासतात. रिपोर्ट ऑफिसात यायचे, आणि कामगारांना तोंडी सांगितलं जायचं, 'सगळं नॉर्मल आहे.' या रिपोर्टांची फाईल सांभाळणारा सेफ्टी विभागातला माणूस माझ्यासोबत डबा खायचा. आंबिवलीला भाड्याने राहायचा. अबोल, नीटनेटका, डब्याचं झाकणसुद्धा आवाज न करता उघडायचा.

एका गुरुवारी त्याने त्या फाईलमधल्या पानांचे फोटो काढले आणि प्रत्येक कामगाराला त्याच्या त्याच्या फोनवर त्याचा रिपोर्ट पाठवला. बहुतेकांच्या रक्तात शिसं भरपूर वाढलेलं होतं. रात्रपाळीने काम बंद केलं. शुक्रवारी ते रिपोर्ट एका वर्तमानपत्रात आले. संध्याकाळपर्यंत कंपनीने त्याच्यावर गोपनीय कागद चोरल्याची तक्रार दिली होती.

शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात तो. खांद्याला लॅपटॉपची बॅग, तिच्यात कपडे.

"सॉरी, फोन न करता आलो," तो मला म्हणाला. "बायकोला आणि मुलीला कल्याणला सासरी ठेवलंय. घरी दोनदा पोलिसांची माणसं येऊन गेली. कोर्ट आता सोमवारी उघडणार. त्याआधी आत घेतलं तर... सोमवारपर्यंत राहू का?"

मी मागे वळून पाहिलं. बाबा खुर्चीतून उठले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी सरळसरळ भीती पाहिली. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस. पोलीस स्टेशनची पायरी पासपोर्टपुरती चढलेला.

"माझ्या मुलीची नोकरी तिथेच आहे," बाबा शेवटी म्हणाले.

"हो काका. माहीत आहे मला. जातो मी."

तो खरोखरच वळला. तेवढ्यात आई आतून आली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलायस का?" त्याने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. "मग आधी हातपाय धू," ती म्हणाली. बाबा दारातून बाजूला झाले. त्यांनी त्याच्या खांद्यावरची बॅग घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आले. कुणीतरी त्याला जिन्यात पाहिलं होतं आणि वर्तमानपत्रातली बातमी तर सगळ्यांनीच वाचली होती. "साहेब, उगाच बिल्डिंगचं नाव खराब होईल," ते म्हणाले. "कंपनीचं मीठ खाऊन कंपनीचे कागद बाहेर काढले त्याने."

आतल्या खोलीत तो मटार सोलत बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"कंपनीचे कुठले कागद?" बाबांचा आवाज आधी कापला, मग चढला. "रक्त कामगारांचं ना? ज्याचं रक्त, त्याचा कागद. त्याने ज्याचा त्याला नेऊन दिला. आणि तो माझा पाहुणा आहे. पाहुण्यांची यादी सोसायटीला द्यावी लागते का?"

सेक्रेटरी गेल्यावर बाबा बराच वेळ बाथरूममध्ये होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं दिसत होतं.

संध्याकाळी ते त्याला समोर बसवून म्हणाले, "चल, वकिलांकडे जाऊ." ते म्हणजे तलावावरचे तेच मित्र. मीही सोबत गेले. वकीलकाकांनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या फोनमधले रिपोर्ट चष्मा वर करून पाहिले आणि बाबांना म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही हां. कागद बाहेर काढायची ही पद्धत नव्हे. आधी वरच्यांकडे तक्रार करायची."

"तीन वेळा केली," तो म्हणाला. त्याने तिन्ही ईमेल दाखवल्या. एकीलाही उत्तर नव्हतं.

वकीलकाकांनी उठून कपाटातून कोरे कागद काढले. "अटकपूर्व जामिनाचा अर्ज करू. माझा जुना ज्युनियर उभा राहील, मी मागे बसेन."

सोमवारी मी कामावर गेलेले. जेवणाच्या सुट्टीत त्याचाच विषय. "हिरो बनायला गेला." "मालकाने शटर खाली केलं तर आपण काय करायचं?" "पळून गेलाय म्हणे, गावाला." एक बाई म्हणाली, "मला तर वाईट वाटतं त्याच्या बायकोचं." शिशाच्या खात्यातला एक जुना कामगार पाणी प्यायला आत आलेला, तो हिंदीतच म्हणाला, "उसने मेरे खून का नंबर बताया, साब ने नहीं बताया," आणि ग्लास ठेवून निघून गेला. मग कुणीच बोललं नाही. मीही नाही. तो त्या वेळी आमच्या घरी आईला भांडी पुसू लागत होता आणि मी इथे डब्यातली भाजी संपवत होते. मला लाज वाटली. त्या फाईलकडे मीही अनेकदा पाहिलेलं, उघडून कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी अर्ज दाखल झाला आणि मंगळवारी ठाण्याच्या कोर्टात त्याला तात्पुरतं संरक्षण मिळालं. बाबा त्याच्याबरोबर गेलेले. न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलाला एकच विचारलं, "कामगारांना त्यांचे रिपोर्ट का दिले नव्हते?" उत्तरासाठी त्या वकिलाने पुढची तारीख मागितली. संध्याकाळी तो बॅग घेऊन कल्याणला मुलीकडे गेला. जाताना आईच्या पाया पडला. बाबांच्या पडायला वाकला तर बाबांनी त्याला मध्येच धरलं.

त्याच्यावरचा खटला अजून संपलेला नाही. नोकरी गेलीच. आता तो कल्याणला दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. कारखान्यात तपासणीला बाहेरचे अधिकारी आले, धूर ओढणारी नवी यंत्रं बसली, आणि आता रिपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात देऊन सही घेतात. काही जणांची औषधं चालू आहेत. तो आमच्या घरी होता हे मी पुढे एकदा साहेबांसमोरच सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते फोन उचलून दुसऱ्याच कामाला लागले.

गेल्या दिवाळीत तो बायको-मुलीला घेऊन आमच्याकडे आला होता. त्याची मुलगी माझ्या बाबांशी, सख्खे आजोबा असल्यासारख्या गप्पा मारत होती. तिने विचारलं, "आजोबा, माझे बाबा तुमच्याकडे लपले होते तेव्हा तुम्हाला भीती वाटली होती?"

"खूप," बाबा म्हणाले. "दोन दिवस घास उतरत नव्हता."

"मग ठेवलंत कसं?"

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. "तुझी ही आजी आधीच पानं वाढायला गेली होती, गं."