उजेडात धरलेलं कापड

त्या दिवशी सकाळी मुकुंदवाडीहून आक्काच्या जावयाचा फोन आला, "मावशी, आई गेल्या." तव्यावरची भाकरी तशीच करपली. आक्का, माझी थोरली बहीण, जाऊन आता दीड महिना झाला. भेटेल तो म्हणतो, सुटली बिचारी. मला त्या शब्दाचा राग येतो... सुटले ती मी, आणि तेच मला सोसत नाय.

आक्का घरीच ब्लाउज शिवायची. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी पैठणहून आलेली तिच्याकडंच अडकले. तिची वैशाली दवाखान्यात नर्स, आणि तिथं मास्क पुरत नव्हते. झालं, आक्का बसली मशीनवर. औरंगपुऱ्यातली दुकानं बंद, इलास्टिक नाय, मग अस्तराच्या नाड्या. ती कापून शिवायची, मी खिडकीशी बसून नाड्या उलटवायची. नव्या पॉपलिनचे दुपदरी मास्क वैशाली पिशवी भरभरून न्यायची. पण तिचंच नाक सोलून निघालं, कानामागं जखमा झाल्या. मला बघवंना. मी म्हणाले, "आक्का, तान्ह्या लेकराला कधी नवं कापड घालतो का आपण? आईचं जुनं लुगडं काढ की!" आक्कानं ट्रंकेतून लुगडं काढलं आणि त्याचे लेकीपुरते दोन मास्क शिवले. वैशाली हसली, "मावशी, लई मऊ गं!"

तीन आठवड्यांत वैशाली गेली. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाय. डॉक्टर म्हणाले, लागण कुठून झाली ते सांगता येत नाही. पण आक्काचं एकच, "लई विरलं होतं गं ते लुगडं." तेव्हापासून ती हाती आलेलं प्रत्येक कापड आधी खिडकीशी उजेडात धरायची. गिऱ्हाईक बायकांना वाटायचं, काय चोखंदळ बाई आहे! मी मात्र मान खाली घालायची. लुगडं मी काढायला लावलं, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघालं नाय.

शेवटच्या भेटीत हिय्या केला. "आक्का, ते लुगडं मीच..."

तिनं मशीनवरून मान वर केली नाय. "कात्री माझ्या हातात होती, सुमे. चहा ठेव."

आणि मी चहा ठेवला. भित्री मेली मी!

जावयानं मशीन मला दिलं. परवा मशीनचा खण साफ करताना बॉबिनांखाली लुगड्याचा उरलेला तुकडा सापडला, नीट घडी घातलेला. तिच्यासारखाच खिडकीशी धरला. त्यातून आरपार गज दिसले, समोरची भिंत दिसली, भिंतीवर वाळत घातलेली पोतीसुद्धा दिसली... ते लुगडं कापलं तेव्हाही खिडकीशी मीच बसले होते.