घर नंबर एक

पडघान साहेबांचा दिवस इतरांची नावं घेऊन सुरू व्हायचा. सकाळी साडेसहाला त्यांच्या गच्चीवरचा भोंगा खरखरायचा आणि कारंजाच्या एसटी स्टँडवर उभी हयात गाड्या पुकारण्यात घालवलेला तो आवाज आमच्या कॉलनीवर पसरायचा. "घर नंबर अठरा, लक्ष द्या. भाजीचे देठ नालीत सापडले. घर नंबर सात. काल पाइपानं गाडी धुतली, पाऊन घंटा पानी रस्त्यानं गेलं. धन्यवाद." त्या धन्यवादाची धास्ती शिवीपेक्षा जास्त होती. अठरा नंबरचं नाव आलं की बाकीचे चहाचा कप हातात घेऊन खूश व्हायचे, आणि उद्या आपलं येऊ नये म्हणून देठ पिशवीत भरून ठेवायचे.

कॉलनी समितीचे ते अध्यक्ष, मी सचिव. माझं अक्षर बरं, म्हणून प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्याकडे. साहेब ठेंगणे, काळेसावळे, कायम हाफ बाह्यांच्या सफारीत, आणि खिशात मोजायचा टेप. झाडाभोवतीची जाळी असो की नालीचा ढापा, आधी टेप लागायचा. पक्षपात मात्र तिळमात्र नाही. एका सकाळी भोंग्यावरून आलं, "घर नंबर एक. बायको विहारात गेली, नळ चालूच. धन्यवाद." घर नंबर एक त्यांचंच होतं. लीलाकाकूंनी त्या दिवशी त्यांना बिनमिठाचं वरण वाढलं, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं. "माह्या घरचं नाव घेतलं नाई तर तुमचं कोन्या तोंडानं घेऊ?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसलो. पाठीमागे त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचो, आणि आणखीही काही म्हणायचो जे इथे लिहिण्यासारखं नाही.

नाल्या त्यांनी करून घेतल्या, मोकळ्या जागेवर बाग केली, कचरागाडी दारापर्यंत आणली. पण त्यांचा जीव अडकला होता सिमेंटच्या रस्त्यात. त्यासाठी त्यांनी इतके अर्ज केले की माझं अक्षर बिघडलं. रस्ता मंजूर झाला तेव्हा त्यांनी पहिला नियम भोंग्यावरून वाचला, की हा रस्ता पाच वर्षं कोणी फोडायचा नाही, कोणत्याही कारणानं नाही. ज्याला पाइप टाकायचा असेल त्यानं महिनाभरात टाकून घ्यावा.

आणि ऐन त्या दिवसांत काकूंना अर्धांगवायू झाला. साहेब त्यांना घेऊन अकोल्याला दवाखान्यात राहिले, आणि इकडे रस्त्याचं काम लागलं. साहेब नाहीत म्हटल्यावर आम्ही सुट्टी लागल्यासारखे वागलो. रस्ता दोन्ही कडांना उतरता करायचा आणि पाणी आपापल्या दारासमोरच्या नालीत जाऊ द्यायचं, असं ठरलं होतं. पण पाणी आपल्या दाराकडे यावं हे कोणाला हवं होतं? माझ्या बायकोनं मिस्त्रीला बोलावलं, चहा दिला, चिवडा दिला आणि म्हणाली, "भाऊ, आमच्या फाटकापाशी कड जराशी उचलून द्या. स्कूटर चढाले बरं पडते." मिस्त्रीनं कड उचलली. दोन इंच असेल. मी खिडकीतून पाहत होतो आणि माझ्या मनात एवढंच आलं की शेजारच्यांना हे सुचलेलं नाही. शेजारच्यांना ते आदल्याच दिवशी सुचलं होतं. मिस्त्रीनं त्या आठवड्यात चाळीस घरचा चहा प्याला. चहा मिळाला नाही तो एकाच घरी, कारण तिथे कुलूप होतं.

साहेब परतले तेव्हा रस्ता आरशासारखा चकचकत होता. काकूंना ऑटोतून उतरवून घेतल्यावर ते त्या रस्त्यावर अनवाणी थोडं चालून आले. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर कोणाचंही नाव नव्हतं, सगळ्या कॉलनीचे आभार होते. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही, हे खरं लिहितो.

नियमाचा पहिला फटका बसला इंगोलेंना. ते शेलूबाजारकडून नव्यानं आलेले, घर बांधायला उशीर झालेला, आणि नळाची लाइन रस्त्याच्या पलीकडे. हातभर रुंद चर पाडायची परवानगी मागायला ते नवरा-बायको आले. साहेब म्हणाले, "एकाले फोडू देलं का सारेच कुदळ घेऊन येतीन. मले तुमचं दुःख समजते, पन नाई म्हंजे नाई." इंगोलेबाईंनी पुढे कित्येक महिने बागेतल्या नळावरून हंड्यानं पाणी भरलं. परवानगी मागायला आल्या तेव्हा बाईंना पाचवा महिना होता. साहेब गच्चीवरून रोज बघायचे आणि रोज नाही म्हणायचे. असा माणूस होता. मला तेव्हाही ते क्रूर वाटलं होतं, आजही वाटतं.

जुलैत झड लागली. चाळीस फाटकांपुढे कड उचललेली, त्यामुळे एकही थेंब नालीत उतरला नाही. सगळं पाणी रस्त्याच्या मधून वाहत उताराला आलं, आणि उताराला सर्वांत शेवटी होतं घर नंबर एक. मी गेलो तेव्हा काकूंच्या पलंगाखाली विटा लावलेल्या होत्या आणि खाली गढूळ पाणी. काकू वाकड्या झालेल्या तोंडानं म्हणाल्या, "मले कधी नदीवर नेलं नाई म्हनून बोलत होती ना मी? पाहा, नदीच घरी आनली यायनं." साहेब सुपलीनं पाणी बाहेर फेकत होते. ते हसले नाहीत.

काकूंची तब्येत तेव्हा सुधारत होती. भिंतीला हात लावत लावत त्या एकट्या मोरीपर्यंत जायला लागल्या होत्या, आणि साहेबांचा सगळा जीव त्या आठ पावलांत होता. "या घराच्या भिंती तिच्या हातातल्या हायेत," ते म्हणायचे, "दुसऱ्या घरी ते उभी नाई राहनार." फरशी कोरडी राहणं एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी सभा बोलावली. रविवारी सकाळी, बागेतल्या शेडमध्ये. त्यांच्या घराच्या अलीकडे रस्त्यात एक आडवी नाली खोदून पाणी पलीकडच्या ओढ्यात सोडायचं, असा अर्ज त्यांनी स्वतः उभं राहून वाचला. खर्च स्वतः करणार होते.

मग इंगोले उठले. आवाज चढवला नाही. "सायेब, रस्ता पाच वर्षं फोडाचा नाई. कोनत्याच कारनानं नाई. हे मी नाई म्हनत, तुमीच म्हनत होते." एकजण हसला. मग दुसरा. कोणी तरी मागून म्हणालं, "घर नंबर एक, लक्ष द्या." सगळं शेड हसलं. मीही हसलो, रजिस्टरमध्ये मान घालून. हात वर करायला सांगितलं तेव्हा साहेबांच्या बाजूनं एकही हात आला नाही. ते अध्यक्ष होते, त्यामुळे निकालही त्यांनाच वाचावा लागला. "अर्ज नामंजूर. धन्यवाद." मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

आठ दिवसांनी ओल्या फरशीवर काकू पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भिंतीच्या आधारानं चालणं संपलं, आणि साहेबांनी घर विकायला काढलं. मुलीकडे वाशीमला जायचं ठरलं.

सामान भरायच्या दिवशी मी गेलो. आम्ही वाईट माणसं नव्हतो, असं मी स्वतःला बरेचदा ऐकवतो, पण त्या दिवशी ते पुरलं नाही. मी म्हणालो, "साहेब, एक सांगायचं होतं. माझ्या फाटकासमोरची कड आम्ही मिस्त्रीकडून उचलून घेतली होती. दोन इंच."

ते सतरंजीची वळकटी बांधत होते. दोरीची गाठ घट्ट करून म्हणाले, "तीन. सबन घरायपुढं टेप लावून पाह्यला मी. सभेच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत? भोंग्यावर एकदा सगळ्यांची नावं घेतली असती..."

"चाळीस नावं एका दिवशी कशी घेऊ गावंडेभाऊ? मंग आयकाले कोन राह्यलं असतं?"

घर घेतलं एका धान्याच्या व्यापाऱ्यानं. राहायला यायच्या आधीच त्यानं कटर लावून रस्ता आडवा कापला, नाली काढली, वर लोखंडी जाळी बसवली. एका दुपारचं काम. चाळीस घरांतून एक शब्द निघाला नाही. मी इंगोलेंना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "पडघान सायेबानं इचारलं, म्हनून आपन नाई म्हटलं. यानं कुठं इचारलं?"

काकू दिवाळीनंतर गेल्या. मी वाशीमला भेटायला गेलो. साहेब मुलीच्या घरी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, अंगात तीच सफारी, ती आता ढगळ झालेली. बराच वेळ आम्ही काकूंबद्दल बोललो. निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"रस्ता कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"कोनी फोडला तर नाई ना?"

"नाही," मी म्हणालो. "कोणाचीच हिंमत नाही झाली."

त्यांनी मान हलवली. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता, आणि त्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी घाईघाईनं ऑटोला हात केला.