त्या सालचे डबे

रेल्वेच्या यार्डात मालडबे जोडण्या-तोडण्यावर देखरेख करण्यात जमादारांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत टेबलभर तेच यार्ड मांडलं, एका ठरावीक सालचं. छोटे रूळ, रूळ बदलायचे सांधे, पाण्याची टाकी, सगळं हुबेहूब. घोडं अडायचं ते डब्यांवर. खेळण्यातल्या गाड्या विकणाऱ्या दुकानदाराने पाठवलेले लांबलचक, चकचकीत डबे ते परत करत.

"हे आपोआप जोडले जाणारे. आमच्याकडे त्या सालानंतर चार वर्षांनी आले," ते बायकोला सांगत. त्यांना हवे होते आखूड, चार चाकांचे डबे. त्यांची साखळी अडकवायला माणसाला मध्ये शिरावं लागे.

"एवढी वर्षं सोडून तेच साल का?" बायकोने एकदा विचारलं. जमादार डब्यावर गंज रंगवत राहिले.

त्याच साली त्यांचा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा नवरा, दोन डब्यांमध्ये चेंगरून गेला होता. चौकशीत ठरलं, त्याचाच पाय घसरला. तेव्हापासून शेजारी कुणी दार आपटलं तरी जमादारांच्या हातातला घास हातातच राही.

एका दुपारी बहीण आली. टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाली, "दादा, ह्यांचे डबे कुठले यातले?"

जमादारांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन डबे काढले. एक बंद, धान्याचा. एक उघडा, कोळशाचा. तयार होऊन वर्ष झालं होतं, पण रुळांवर ठेवायचा धीर झाला नव्हता.

"पाय घसरला नव्हता," ते म्हणाले. "तो बाहेर आला असं समजून मी इंजिनाला झेंडी दाखवली. चौकशीत तोंड उघडलं नाही."

बहीण खुर्चीचा हात धरून बसली. "सासूबाई शेवटपर्यंत ह्यांना वेंधळा म्हणत राहिल्या," ती म्हणाली. "मीही तेच धरून चालले."

पाणीही न घेता ती उठून गेली.

जमादारांनी दुसऱ्याच दिवशी रेल्वेच्या कचेरीला सगळं लिहून कळवलं. महिन्याभराने उत्तर आलं: प्रकरण जुनं, कागद नष्ट झालेले. ते पत्र घेऊन ते बहिणीकडे गेले. तिने दारातच वाचलं, घडी घालून नवऱ्याच्या फोटोमागे ठेवलं. 'आत ये' मात्र म्हणाली नाही.

अजूनही ते दर रविवारी जातात, पायरीवर तासभर बसतात. ती बोलत नाही. दारही लावून घेत नाही.