डॉक्टरांच्या गाडीची चाकं

दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पॉलिशच्या धुळीसारखे ते आपोआप आत येतात आणि देवघरापर्यंत पोचतात! गांधीबागेच्या मागच्या गल्लीत आमच्या ह्यांचं पॉलिशचं दुकान होतं. मशीनवर कापडी चाक गरगरायचं आणि समया, घंटा, गाड्यांचे बंपर उजळून निघायचे. आत पोळ्या लाटता लाटता मला सगळं ऐकू यायचं. ऐंशीच्या आसपासच्या एका नवरात्रातले हे किस्से तर मला जपमाळेच्या मण्यांसारखे ओळीनं आठवतात.

*

सुखदेवभाऊ धंतोलीतल्या एका डॉक्टरांचे ड्रायव्हर. गाडी परदेशी आणि तिची चाकं लोखंडाची नव्हेत, अॅल्युमिनियमची! पण पावसापाण्यात राहून त्यांच्यावर मिठासारखा पांढरट थर चढला होता. डॉक्टर मुलीकडे पुण्याला गेले होते, दसऱ्याच्या सकाळी परतणार होते. तोवर चाकं चमकवून ठेवावीत, असं सुखदेवभाऊंच्या मनात आलं. घरी पितळेच्या भांड्यांना लावतात तशी चुलीतली राख घेतली, वर धुण्याचा सोडा टाकला आणि एक चाक मन लावून घासलं.

चाक काळं ठिक्कर!

चाक सायकलला बांधून ते आमच्या दारात आले. ह्यांनी आधी चाकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काहून गा सुखदेव, चाकाले सुतक लागलं काय?"

सुखदेवभाऊ हसले नाहीत. आधीच्या ड्रायव्हरला डॉक्टरांनी एका ओरखड्यापायी घरी पाठवलं होतं.

"भाऊ, ही नोकरी गेली तं मायले काय खाऊ घालू?" एवढंच म्हणाले. ह्यांनी चाक आत घेतलं.

*

शेजारी बबनरावांचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान. त्यांना घासण्या-पुसण्याचा भारी कंटाळा.

"घासून काय राहिले दादा? बदलून टाका!" असं म्हणून भंगारातून एक चाक घेऊनच आले. घेर तोच, नक्षीही जवळपास तशीच. काळ्या चाकावर ठेवून पाहिलं तर बोल्टची भोकं जुळेनात.

"दोन बोल्ट तं बसतील ना!" बबनराव म्हणाले. "सावकाश चालवा म्हणा."

"बबन," हे शांतपणे म्हणाले, "डॉक्टर पुण्याहून येऊन राहिले. त्याईले लगेच वर पाठवायचं आहे काय?"

भंगारातलं चाक भंगारात गेलं.

*

चाकाचा काळेपणा उतरवायचा तर आधी आंबट हवं. अॅल्युमिनियमचं पातेलं काळवंडलं की मी त्यात चिंच उकळते, हे ह्यांना ठाऊक. दारातूनच हाक आली, "अवं, चिंचेची बरणी दे!"

मी जागची हलले नाही. त्या वर्षी मी संतोषीमातेचे शुक्रवार धरलेले आणि नेमका शुक्रवार होता. त्या दिवशी आंबट खायचं नाही आणि हातही लावायचा नाही.

"आज नाही जमायचं," मी म्हटलं. "उद्या देते."

"व्रत तुझं आहे वं! चाकाचा कुठं शुक्रवार आहे?"

मला हसूच आलं. फडताळाकडे बोट दाखवलं आणि सुखदेवभाऊंनी बरणी उतरवली.

*

चिंचेचं पाणी, मग बारीक पॉलिश पेपर, मग मशीन. संध्याकाळी ते चाक असं निघालं, की ह्यांनी त्यात बघून टोपी नीट केली! सुखदेवभाऊंनी आनंदानं नेऊन बसवलं आणि गाडी घेऊन तासाभरात परत. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"भाऊ, बाहेर येऊन पाहा."

आम्ही सगळेच बाहेर गेलो. बबनरावांनी गाडीभोवती चक्कर मारली.

"एक नवरदेव आणि तीन आजारी!"

खरंच होतं. एक चाक उजळलं आणि बाकीच्या तिघांचा रोग उघडा पडला. आता चारही केल्याशिवाय सुटका नव्हती आणि दसरा तर तोंडावर आलेला.

*

त्या रात्री घटापुढे बसून मी देवीला म्हटलं, "तुझं वाहन सिंह, तुला चाकाचं काय सांगू? पण ह्या माणसाची भाकरी राहू दे. मी वर्षभर गोड सोडते."

सुखदेवभाऊंना हे कळलं, तेव्हा ते ओशाळले. "वहिनी, आम्ही तं दीक्षा घेतलेले. आमच्या घरी देव नाही. तुमची देवी माह्यासाठी काहून धावंल?"

"मागणं माझं आहे," मी म्हटलं. "तुम्ही कुठे मागताय?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "पण चहा तं फिका करू नका माहा!"

*

आणखी दोन चाकं झाली. अष्टमीला दिवसभर लाइट नव्हती, एक चाक तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळीच मी मशीन पुसलं होतं, कुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. पान्हे, हातोड्या, सगळी हत्यारं पाटावर मांडलेली. त्या दिवशी आमच्याकडे हत्याराला कामाला लावत नाहीत. ह्यांच्या वडलांनीही कधी लावलं नाही.

सुखदेवभाऊ ते चाक मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. "राहू द्या भाऊ. तुमचा सण आहे. जे झालं ते उद्या साहेबाले खरं खरं सांगून टाकतो."

हे मशीनकडे पाहत उभे. हात पुढे जाईना आणि पाय मागे येईना. मला राहवलं नाही.

"हत्यारं पूजेला बसलीत," मी म्हटलं. "तुमचे हात कुठे बसलेत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसून शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मी जुनं धोतर फाडून चिंध्या केल्या. पॉलिशचा साबण लावून दोघं घासत राहिले. दुपारी बबनरावही येऊन बसले, एक शब्द न बोलता. ते एवढा वेळ गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले! दिवेलागणीला चाक उजळलं. तिघांचेही तळवे सोलवटले होते.

*

दसऱ्याच्या सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. हे उगाच गल्लीच्या तोंडाशी जाऊन येत होते. तेवढ्यात गाडी वळली. चारही चाकं झळाळत होती, पण गाडी चालवत होते डॉक्टर स्वतः! शेजारची जागा रिकामी. माझ्या हातातली रांगोळी तशीच सांडली.

गाडी आमच्या दाराशी थांबली. हे कसेबसे म्हणाले, "साहेब, सुखदेव?"

डॉक्टरांनी अंगठ्यानं मागे दाखवलं. मागच्या सीटवर सुखदेवभाऊ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले. शेजारी त्यांची म्हातारी आई, पांढऱ्या लुगड्यात.

"स्टेशनवरच सगळं सांगितलं त्यानं," डॉक्टर म्हणाले. "राख, सोडा, सगळं."

"मग?"

"मग काय? सोललेल्या हातांनी तो स्टिअरिंग धरणार कसा? आणि गर्दी व्हायच्या आत आजींना दीक्षाभूमीवर पोचवायचंय."

त्यांनी गिअर टाकला. गाडीनं असा काही झटका घेतला, की म्हातारीनं पुढची सीट घट्ट धरली आणि ओरडली,

"हळू चालव गा बाप्पा! माहा पोरगा असा नाही चालवत!"