खांबापाशी ओणवी बाई

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. घरात पुस्तकं कमी, संघटनेची पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. आई पंचवटीतल्या एका जुन्या देवळाचा सभामंडप झाडते, पुसते. त्याच मंडपाचं मोठं तैलचित्र करायला विश्वस्तांनी मला सांगितलं, तेव्हाच चित्रात कोण असणार हे मी ठरवलं होतं.

मंडपात ईझल मांडून चार महिने काम केलं. कोरीव खांब, छतातलं दगडी कमळ, झरोक्यातून तिरपा येणारा उजेड. माणसं शेवटी भरली: घंटेपाशी दोन भाविक, आणि पुढच्या खांबापाशी ओणवी होऊन फडकं फिरवणारी आई.

आई कामावरून उठून बघायला आली. चित्रातल्या स्वतःला सोडून तिनं खांबाकडे बोट दाखवलं. "तुझा हत्ती खोटा हाय," म्हणाली.

"कुठला?"

"खांबाच्या खालच्या रांगेतला, कडेचा. सोंड तुटकी हाय त्याची. माझं फडकं रोज तिथंच अडकतं."

मी लांबून बघून सगळे हत्ती सारखेच रंगवले होते. सुरीनं रंग खरवडला आणि तुटकी सोंड रंगवली.

तेवढ्यात विश्वस्त आले. चित्र बघून खूश झाले. मग म्हणाले, "ताई, ही पुसणारी बाई काढा. तिथं गुरुजी बसवा. ऑफिसात लावायचंय, पाहुणे येतात."

"गुरुजी त्या खांबाला कधी फडकं लावतात का?"

"वाद नको. बदला, नाहीतर घेऊन जा."

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, पण नोकरी आईची होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फडकं बादलीत पिळलं.

"गुरुजींचे गुडघे दुखतात, साहेब," ती म्हणाली. "त्यांना वाकवू नका. राहू द्या मलाच." मग माझ्याकडे वळून, "उचल गं चित्र."

विश्वस्तांना हसावं की रागवावं कळेना. "उद्या येते कामाला, रोजच्या वेळेला," आईनं त्यांना सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत. खांबांना एवढं ओळखणारं दुसरं माणूस त्यांच्याकडे नव्हतं.

वडिलांना फोन करून बोलावलं. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. पंचवटीच्या गर्दीत आई पुढं चालत होती, पदर खोचून, मान ताठ.

"सरका जरा," ती लोकांना सांगत होती, "रंग ओला हाय."