साहेबांचा फोन कोपीवर

जगातलं कोणतंही दुखणं चार्जिंगला लावलं की बरं होतं, अशी आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांची पक्की समजूत होती. माणूस सज्जन, पोटात कपट नाही. पण हातात यंत्र आलं की त्यांचं भान जायचं. शिरूर कासारला बदलून आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते माझ्या शाळेत हजर झाले. सोबत दोन फोन, एक टॅब, वायरींनी फुगलेली कापडी पिशवी आणि तीन पायांचं कॅमेऱ्याचं स्टँड. मी तिथली मुख्याध्यापिका. साहेबांनी वर्गाकडे पाहण्याआधी भिंतीकडे पाहिलं. "मॅडम, सॉकेट ढिलं आहे," म्हणाले, खिशातून टेस्टर काढून ते घट्ट केलं आणि मगच मुलांना पाढे विचारले.

त्यांनी शिक्षकांचे इतके व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढले की त्यांना नावं पुरेनात. आधी 'गुणवत्ता' निघाला, मग 'गुणवत्ता नवीन', मग 'गुणवत्ता अंतिम' आणि शेवटी 'गुणवत्ता अंतिम हाच वापरा'. पासवर्ड ते हटकून विसरायचे, म्हणून फोनला कुलूप लावणंच त्यांनी सोडून दिलं होतं. टॅबवर तालुक्याचा नकाशा होता. ज्या शाळेकडून साहेबांच्या रोजच्या संदेशाला उत्तर यायचं तिचा ठिपका हिरवा व्हायचा, नाही आलं की लाल. हा नकाशा ते भेटेल त्याला दाखवत. एकदा बसस्टँडवरच्या फळवाल्या रफिकभाईंनाही दाखवला. रफिकभाईंनी केळ्यांवरची माशी उडवत तो नीट पाहिला आणि म्हणाले, "हिरवं ठीक हाय साहेब. पर केळी पिवळी झाल्याबिगर आमच्याकडं कोन घेत न्हाई." साहेबांना हे इतकं आवडलं की ते त्यांनी पुढच्या बैठकीत सांगितलं. अर्थ मात्र सांगितला नाही, कारण तो त्यांना लागला नव्हता.

दिवाळी सरली की आमच्याकडची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊस तोडायला जातात. शाळेतली निम्मी पोरं त्यांच्याबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, तेव्हा अक्षरं वाटेत कुठंतरी सांडून आलेली असतात. पाचवीतली उषा तर आधीच वाचनात कच्ची. तिची टोळी निघायच्या दिवशी साहेब स्वतः ट्रॉलीपाशी गेले. तिचा बाप अंकुश हंडे बांधत होता.

"पोरीला मागं ठेव. आजी आहे ना घरी?"

"आजीला दिसत न्हाई साहेब. आन धाकल्याला तिकडं कोन संभाळंल?" अंकुशनं गाठ आवळली. "हे बगा, दरसाल पोरगी विसरून येती. मास्तर मागं बसवतेत, ती रडती. आवंदा आल्यावर घडाघडा वाचलं, तर पुढच्या साली तिला न्हेत न्हाई, हास्टेलात ठिवतो. न्हाई आलं, तर कोयता धरील. मंग मला कुनी शिकवायला यायचं न्हाई."

"ठरलं," साहेब म्हणाले.

"ठरलं. मॅडम साक्षी हायत."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण साक्षीदार झाले खरी.

साहेबांनी त्याच आठवड्यात फोनवरची शाळा सुरू केली. धडे माझ्या आवाजात भरले, कारण साहेबांच्या मते माझा आवाज चालू ट्रॅक्टरवरूनही ऐकू जातो. शाळेची घंटा झाली की धडा आईबापांच्या फोनवर जायचा आणि मुलांनी उत्तर बोलून पाठवायचं. उत्तरं धडाधड येऊ लागली. नकाशा असा हिरवागार झाला की आमच्या तालुक्यात तेवढी हिरवळ पावसाळ्यातही नसते. साहेबांचे पाय जमिनीवर राहिनात. मी मात्र एके दिवशी उषाच्या नावावर आलेलं उत्तर ऐकलं. आवाज बिडीनं खरखरीत झालेला होता आणि तो म्हणत होता, "माजा आवडता खेळ फुगडी हाय."

मी ते साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "तिकडं थंडी फार. घसा बसला असेल."

"साहेब, पोरीचा घसा बसेल. मिशा फुटणार नाहीत."

मग आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून टोळी होती त्या कारखान्याच्या भागात गेलो. फोन अर्थातच अंकुशच्या खिशात होता आणि अंकुश फडात. सकाळी माझा आवाज उसात घुमायचा, सगळी टोळी कोयते चालवत धडा ऐकायची आणि ज्याला उत्तर येईल तो आपल्या पोराच्या नावानं बोलायचा. मुकादम मला पाहताच पुढं आला. "धड्यातल्या बाई तुमीच का? तुमी बोलाया लागल्या की तोड ढिली पडती. अन त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं, त्ये सांगा, परवापासून हे लोक डोकं खातेत माजं."

साहेबांनी अंकुशला सतराचा पाढा विचारला. त्यानं एका दमात म्हटला. उषा खाली कोपीवर होती. पाचटाच्या त्या झोपडीपुढं धाकट्या भावाला काखेत घेऊन ती भाकरी राखत बसली होती. धडा तिनं एकही ऐकला नव्हता.

"हजेरी तुझी लागली रे अंकुश," साहेब म्हणाले. "उषाची नाही."

"मंग काय करू? मोबाईल कोपीवर ठिवला, तर मुकादमानं मला बलवायचं कसं?"

साहेबांनी पिशवीत हात घातला, एक फोन काढला आणि उषाला दिला. "हा शाळेचा. तुझ्याजवळच ठेवायचा." ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो चार्ज कसा करायचा, हे त्यांनी तिला इतका वेळ समजावलं, की धडा कसा उघडायचा ते सांगायला वेळच उरला नाही.

परतताना अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की द्यायचा होता तो जुना फोन खिशातच आहे आणि दिलाय तो ऑफिसचा. मी म्हटलं, गाडी फिरवा. त्यांनी वेग कमी केला, पण गाडी फिरवली नाही. "दिलेला परत घ्यायचा?" म्हणाले. "त्या पोरीला काय वाटेल? मी नवा नंबर सगळ्यांना कळवतो."

कळवला त्यांनी. पण शिक्षकांना ऑफिसचाच नंबर पाठ होता आणि जिल्ह्याच्या कचेरीला तर कुठलाच बदल लवकर कळत नाही. त्यामुळे परिपत्रकं, बैठकांची बोलावणी, रजेचे अर्ज, तांदूळ संपल्याच्या तक्रारी, सगळं उषाच्या कोपीवर जाऊन पडू लागलं. आणि दिवसभर एकटी बसणारी पोरगी करणार काय? ती एकेक अक्षर जोडून वाचू लागली. आधी रजेचे अर्ज, कारण ते आखूड असत. वाचून झाला की खाली लिहायची, 'बरं.' साहेबांचा कारभार एकदम मोकळा झाला म्हणून तालुका खूश होता. मग एका मुख्याध्यापकांनी आजी वारल्याची रजा मागितली आणि त्यांना उत्तर गेलं, 'मागच्या म्हैन्यात बी आजीच वारली व्हती.' ते गृहस्थ त्या दिवसापासून घंटेच्या आधी शाळेत येऊ लागले. साहेबांची नजर तीक्ष्ण झाल्याची बातमी दुपारपर्यंत शेजारच्या तालुक्यात, पार लिंबागणेशला पोचली होती.

हे असंच निभावलं असतं. पण जिल्ह्याच्या ऑनलाइन आढावा बैठकीचा दुवा आला आणि उषानं तोही उघडला. पडद्यावर साहेबांच्या नावाखाली पाचट, एक कोंबडी आणि शेंबडं पोर दिसू लागलं. अध्यक्षांनी विचारलं, "हे कोण आहे?"

"म्या उषा. साहेबांचा फोन माज्याकडं हाय."

"साहेब कुठं आहेत?"

"ते कशाला येतील हितं? हितं ऊस हाय."

साहेबांकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी एका ओळीत लिहिलं, 'फोन शैक्षणिक कामासाठीच वापरात आहे.' मी म्हटलं, चार ओळी वाढवा, माफी मागा. म्हणाले, "यात खोटं काय आहे मॅडम?" खोटं काहीच नव्हतं. पण खरं तेवढंच लिहून सरकारी नोकरीत भागत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी अंकुश पोरीला घेऊन शाळेत आला. साहेब आधीच येऊन ओट्यावर बसले होते, हातात पाचवीचं पुस्तक. रात्रभर झोप झाली नसावी, शर्टाची बटणं एक घर चुकली होती. त्यांनी विचारलं, "धडे ऐकलेस ना सगळे?"

"दोन आयकले," उषा म्हणाली. "मंग पत्रंच लई याया लागली."

साहेबांचा चेहरा पडला. पुस्तक उघडून ते तिच्यापुढं धरणार, तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिनं सवयीनं पाहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागली, "प्रशासकीय कारणास्तव शिरूर कासार येथील गटशिक्षणाधिकारी यांची बदली..."

मी फोन घ्यायला हात पुढं केला. साहेबांनी मला अडवलं. "वाच बाळा. थांबू नको."

ती बोट ठेवून वाचत गेली. 'तात्काळ'ला अडली नाही, 'कार्यमुक्त'ला अडली. साहेबांनी तो शब्द तोडून सांगितला, तो तिनं जोडून घेतला आणि खालच्या सहीपर्यंत जाऊनच थांबली. साहेबांनी पुस्तक मिटलं.

"काय अंकुश? आलं का वाचता?"

"आलं साहेब." त्यानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. "हास्टेलात ठिवतो तिला. पर बदली म्हंजी, तुमी चालले का? कुटं?"

"मला काय विचारतोस? तिनं वाचलंय, तिला विचार."

उषानं बोटानं ओळ पुन्हा शोधली आणि गावाचं नाव सांगितलं. फार लांबचं होतं.

"बरोबर," साहेब म्हणाले.